दूध संस्थेचं सॉफ्टवेअर करताय? कोडला हात लावण्याआधीची आणि नंतरची कामं, क्रमानं

कोल्हापूर परिसरात बीसीए, बीसीएस, एमसीए किंवा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला दूध संस्थेचा विषय घेणारी मुलं खूप आहेत. शिकून बाहेर पडल्यावर पहिलं काम म्हणून गावातल्या संस्थेचं सॉफ्टवेअर करून देणारेही बरेच. विषय उत्तम आहे. काम घराजवळ, माणसं ओळखीची आणि हिशेबात खरी गुंतागुंत. चुकतो तो क्रम. आधी लॉगिनचा स्क्रीन होतो, मग टेबलं, मग कोड. 'सिस्टिम अ‍ॅनालिसिस' नावाचं प्रकरण सबमिशनच्या आठवड्यात कुणाच्या तरी जुन्या रिपोर्टवरून उतरवलं जातं. असं सॉफ्टवेअर डेमोला चालतं आणि संस्थेत पहिल्याच बिलाला अडतं.

खाली उदाहरण एकच ठेवलंय. करवीर किंवा पन्हाळा तालुक्यातली, साधारण दीडशे उत्पादकांची एक दूध संस्था, दोन वेळचं संकलन आणि दर दहा दिवसांनी बिल. तुमचा विषय शिरोलीतल्या फौंड्रीचं स्टोअर असेल किंवा राजारामपुरीतल्या दवाखान्याच्या नोंदी, टप्पे हेच राहतील.

आज काम कसं चालतं, कुठं अडतं आणि नव्या प्रणालीनं नेमकं काय करायचं, हे ठरवणं म्हणजे सिस्टिम अ‍ॅनालिसिस. पाहणी, गरजा, आराखडा, कोड, चाचणी, प्रत्यक्ष वापर आणि देखभाल ही सगळी साखळी म्हणजे सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट लाइफ सायकल. व्याख्या एवढ्या पुरेत.

## तयारी: पहिल्या भेटीआधी

चेअरमन किंवा सचिवांची रीतसर परवानगी घ्या. कॉलेजचं पत्र असेल तर ते सोबत न्या. रजिस्टरांत लोकांच्या पैशांचे हिशेब असतात, त्यामुळे 'बघू का जरा' म्हणून वही उघडू नका.

दूध व्यवहारातले शब्द आधी घरी समजून घ्या: फॅट (दुधातली स्निग्धता), एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), लॅक्टोमीटरची डिग्री (दुधाच्या घनतेचं माप), दरपत्रक, उचल (आगाऊ घेतलेले पैसे), पशुखाद्य कपात, फरक (वर्षभराच्या दुधावर दिवाळीला मिळणारी जादा रक्कम). घरात किंवा शेजारी कुणी दूध घालत असेलच. त्यांचं एखादं बिल मागून घ्या आणि त्यातला प्रत्येक रकाना विचारा.

एक वही करा आणि प्रत्येक पानाचे तीन भाग पाडा: स्वतः पाहिलं ते, कुणी सांगितलं ते, अजून विचारायचं ते. पाहिलेलं आणि ऐकलेलं एकात मिसळलं की पुढं कशावर विसंबायचं हे कळत नाही. पहिल्या भेटींना लॅपटॉप नेऊ नका. लॅपटॉप उघडला की मन लगेच स्क्रीनच्या मांडणीकडं धावतं.

## पायरी १: आधी पाहा, विचारा नंतर

सकाळच्या संकलनाला, रांग लागायच्या आधी पोचा. कडेला उभे राहा. रांग चालू असताना प्रश्न विचारू नका. माप घेणारा आणि फॅट काढणारा यांचा एकेक क्षण मोजका असतो.

सचिवांना विचारलं तर ते नियम सांगतील: "उत्पादक येतो, दूध मापतो, फॅट काढतो, पावती देतो." चार वाक्यांत काम संपतं आणि बहुतेक रिपोर्टांत हीच चार वाक्यं असतात. उभं राहिल्यावर मात्र वेगळंच दिसतं. दूध घेऊन शाळकरी मुलगा येतो आणि नाव न सांगता नुसता कोड नंबर (संस्थेनं उत्पादकाला दिलेला क्रमांक) सांगतो. एका घरचे दोन कोड असतात, म्हशीचा वेगळा आणि गाईचा वेगळा. कुणाचं दूध परत पाठवलं जातं. त्याची नोंद कधी होते, कधी होत नाही. लाइट जाते आणि अर्धी रांग कागदावर लिहून घेतली जाते. फॅटचा आकडा चुकीचा पडला म्हणून कुणी परत येतं, तेव्हा पावती आधीच छापलेली असते. गावातल्या किरकोळ विक्रीचं दूध कॅनमध्ये जाण्याआधीच बाजूला निघतं.

तुमच्या सॉफ्टवेअरचं खरं काम या अपवादांत आहे. सरळ नोंद कुणीही करून देईल. छापलेल्या पावतीनंतरची दुरुस्ती कशी करायची, हे ज्यानं आधी पाहिलंय त्याचंच सॉफ्टवेअर संस्थेत टिकतं.

एकदा संध्याकाळी जा. दूध संघाची, म्हणजे संस्थेचं दूध घेणाऱ्या मोठ्या संघाची गाडी येते तेव्हा थांबा. किती कॅन गेले, त्याची नोंद कुठं झाली, संघाकडून परत कोणता कागद येतो, हे पाहा. बिल करतात तो दिवस तर अजिबात चुकवू नका. विद्यार्थ्यांच्या पाहणीतून हाच दिवस सर्वांत जास्त सुटतो. उचल, पशुखाद्य, सेवा संस्थेच्या (गावातल्या शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सोसायटीच्या) कर्जाचा हप्ता अशा सगळ्या कपाती त्याच दिवशी एकत्र येतात आणि सगळ्यात जास्त वादही त्याच दिवशी होतात.

तपासा: वहीत किमान दहा अपवाद लिहिलेत का? नसतील तर अजून एक संकलन पाहा.

## पायरी २: कागद जमवा आणि एक बिल हातानं काढा

सुटे नमुने घेऊ नका. एकाच बिलाच्या काळातला पूर्ण संच घ्या: संकलन रजिस्टर, दरपत्रक, पशुखाद्य विक्रीची वही, उचल वही, उत्पादकांची बिलं आणि संघाकडून आलेला हिशेब. परवानगीनं झेरॉक्स काढा. नावं आणि बँक खात्यांचे आकडे लगेच झाका. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी २०२३ चा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी शेजाऱ्याच्या उचलीचा आकडा तुमच्या रिपोर्टच्या परिशिष्टात छापणं योग्य नव्हतंच.

आता एका उत्पादकाचं बिल कॅल्क्युलेटरवर काढा आणि छापील बिलाशी पैशापैशानं जुळवा. पहिल्या झटक्यात सहसा जुळत नाही. कारणं शोधताना तुम्हाला हे सापडेल:

लिटर की किलो? दुधाची घनता पाण्यापेक्षा थोडी जास्त असते, एक लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. काट्यावर किलो आणि दर लिटरला असेल, तर मध्ये रूपांतर कुठं होतं?

एसएनएफ कुठून आला? लॅक्टोमीटरवर काढत असतील तर तापमानाची दुरुस्ती केलेली डिग्री भागिले चार, अधिक फॅटच्या साधारण ०.२ पट, अधिक एक ठरावीक आकडा, असं सूत्र असतं. हा शेवटचा आकडा सगळीकडं सारखा नसतो, कुठं ०.३६, कुठं ०.४४, कुठं ०.७२ वापरतात. डिग्री २८ आणि फॅट ६.५ घेतलं, तर ०.३६ नं एसएनएफ ८.६६ येतो आणि ०.७२ नं ९.०२. दूध तेच, माप तेच, पण दरपत्रकातला रकाना बदलतो. इंटरनेटवर सापडलेलं सूत्र कोडमध्ये बसवू नका. तुमची संस्था ज्या संघाला दूध घालते त्या संघाचं सूत्र लेखी घ्या.

अपूर्णांक तोडतात की पूर्ण करतात? ८.६६ चं ८.६ धरायचं की ८.७? साडेसात लिटरला ५४ रुपये ३५ पैसे दर लावला तर ४०७.६२५ येतात, अर्ध्या पैशाचं काय? आणि ही पूर्णता प्रत्येक नोंदीला करायची की बिलाच्या बेरजेवर एकदाच? दीडशे उत्पादक, दोन वेळा, दहा दिवस म्हणजे तीन हजार नोंदी. नोंदीगणिक अर्धा पैसा इकडंतिकडं झाला तरी संस्थेची एकूण बेरीज संघाच्या हिशेबाशी जुळत नाही आणि सचिव रात्र रात्र फरक शोधत बसतात.

सावध: 'दहा दिवसांचं बिल' म्हणजे नेहमी दहा दिवस नव्हेत. १ ते १० आणि ११ ते २० ही बिलं दहा दिवसांची होतात. २१ पासून महिनाअखेरचं बिल कधी १०, कधी ११, फेब्रुवारीत ८ किंवा ९ दिवसांचं होतं. तारखेत १० मिळवून पुढचं बिल काढणारा कोड याच ठिकाणी फसतो.

तपासा: तीन वेगवेगळ्या उत्पादकांची बिलं हातानं काढून जुळली का? त्यांतलं एक गाईचं, एक म्हशीचं आणि एक मोठी कपात असलेलं हवं. ही तीन बिलं जपून ठेवा, चाचणीच्या वेळी लागतील.

## पायरी ३: मुलाखती

आता विचारा. सचिवांपुरतं थांबू नका. फॅट काढणारा, माप घेणारा, दूध घालणाऱ्या दोन-तीन बायका, संस्थेचे लेखापरीक्षक आणि चेअरमन, प्रत्येकाला वेगळं काही माहीत असतं. गोठ्याचं काम बहुतेक घरांत बायका करतात, पण सभासद म्हणून नाव बऱ्याचदा पुरुषाचं असतं. पावतीवर काय दिसावं, हे घरातल्या त्या बाईला विचारल्याशिवाय कळत नाही.

"तुम्हाला सॉफ्टवेअरमध्ये काय काय हवंय?" हा प्रश्न टाळा. याचं उत्तर "सगळं पाहिजे" असंच येतं. त्याऐवजी घडलेल्या गोष्टी विचारा: मागच्या बिलाला कुणाशी वाद झाला, कशावरून? लेखापरीक्षणात गेल्या वेळी काय शेरा आला? तुम्ही दोन दिवस लग्नाला गेलात तर तुमचं काम कोण करतं, आणि त्याला कुठं अडतं?

दोघांची उत्तरं वेगळी आली तर दोन्ही लिहा आणि कुणाचं नाव न घेता दोघांच्याही कानावर घाला. कोण बरोबर हे तुम्ही परस्पर ठरवू नका. नियम ठरवण्याचा अधिकार संस्थेचा आहे.

## पायरी ४: व्यवहार्यता

व्यवहार्यता म्हणजे हे काम शक्य आहे का, परवडेल का आणि चालेल का, हे पाहणं. पुस्तकात हा टप्पा सुरुवातीला येतो. माझा सल्ला असा की त्याचा कच्चा अंदाज आधी करा, पण कागदावर तो पाहणीनंतरच उतरवा. संकलन न पाहता लिहिलेल्या व्यवहार्यतेत 'प्रणाली तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे' यापलीकडं काही नसतं.

पहिला प्रश्न कठोरपणे विचारा: नवं सॉफ्टवेअर लागतंच का? काटा, फॅट मशीन आणि संगणक जोडलेली तयार संकलन यंत्रणा अनेक संस्थांत आहे. तिथं पुन्हा संकलन नोंदीच करणं म्हणजे संस्थेच्या माथी दुहेरी काम. अशा ठिकाणी विषय अरुंद करा: पशुखाद्य आणि उचलीचा हिशेब, दिवाळीच्या फरकाची आकारणी किंवा संघाच्या हिशेबाशी मेळ. अरुंद विषयावर खोल काम केलेला प्रोजेक्ट मी केव्हाही वरचा मानेन.

मग बाकीचं. तांत्रिक बाजू म्हणजे काटा आणि फॅट मशीन संगणकाला आकडा देतात का, सिरियल पोर्ट आहे का, त्याचा डेटा कोणत्या रचनेत येतो. आर्थिक बाजूत प्रिंटरचा कागद, इन्व्हर्टरची बॅटरी आणि दरवर्षीची देखभाल धरा. रोज वापरणारा माणूस कोण आणि त्याचा हात कीबोर्डवर किती बसलाय, हा चालवण्याचा भाग. कायद्याच्या अंगानं पाहाल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खालच्या लेखापरीक्षणाला लागणारी रजिस्टरं सॉफ्टवेअरमधून छापून मिळाली पाहिजेत.

## पायरी ५: गरजा लिहून काढा

या कागदाला सॉफ्टवेअर रिक्वायरमेंट स्पेसिफिकेशन म्हणतात. तो मराठीत लिहा. कॉलेजला इंग्रजी प्रत लागत असेल तर ती नंतर करा. सचिवांना वाचता न येणाऱ्या कागदावर त्यांची सही घेतली तर त्या सहीला काही अर्थ उरत नाही.

प्रत्येक गरजेला क्रमांक द्या, एका वाक्यात एकच गोष्ट लिहा आणि ती तपासता येईल अशी लिहा.

कच्चं: 'प्रणाली वेगवान असावी.'
पक्कं: 'कोड, लिटर, फॅट आणि डिग्री टाइप केल्यापासून तीन सेकंदांत पावती छपाईला जावी.'

कच्चं: 'चुकीची नोंद होऊ नये.'
पक्कं: 'छापलेली नोंद पुसता येऊ नये, ती रद्द करून कारणासह नवी नोंद करावी, जुनी नोंद, वेळ आणि करणाऱ्याचं नाव अहवालात दिसावं.'

'इंटरनेट नसताना संकलन अडू नये', 'लाइट गेल्यावर कागदावर घेतलेल्या नोंदी मागच्या सत्राच्या (सकाळच्या किंवा संध्याकाळच्या संकलनाच्या) तारखेनं भरता याव्यात', 'फक्त आकड्यांच्या कळांवर पूर्ण नोंद व्हावी' या गरजा नोंद आणि बिलाच्या मुख्य कामाइतक्याच महत्त्वाच्या आहेत. विद्यार्थी त्या शेवटच्या पानावर ढकलतात. संस्थेत मात्र सॉफ्टवेअर स्वीकारायचं की परत करायचं, हे त्यांच्यावरच ठरतं.

शेवटी 'यात येणार नाही' अशी यादी करा: मोबाइल ॲप नाही, बँकेत थेट पैसे पाठवणं नाही, संघाच्या संगणकाशी जोडणी नाही. ही यादी नसेल तर काम वाढत जातं आणि तुम्हाला नाही म्हणता येत नाही.

तपासा: सचिवांसमोर बसून प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचा. "हे असंच आहे ना?" असं विचारू नका, त्याला "हो" हेच उत्तर येतं. "असं झालं नाही असा कुठला दिवस आठवतो?" असं विचारा. दुरुस्त्या करून मगच सही घ्या.

## पायरी ६: आकृत्या, डेटा डिक्शनरी, निर्णय तक्ता

डेटा फ्लो डायग्राम म्हणजे माहिती कुठून येते, तिचं काय होतं आणि ती कुठं जाते याचं चित्र. वेळेचा क्रम किंवा 'हो-नाही'चा शंकरपाळ्यासारखा चौकोन त्यात येत नाही. तो फ्लोचार्टचा भाग. ही गल्लत जवळजवळ प्रत्येक रिपोर्टात दिसते.

कॉन्टेक्स्ट डायग्राममध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीच्या आकृतीत, एकच वर्तुळ: 'दूध संकलन व बिल प्रणाली'. बाहेर उत्पादक, दूध संघ, बँक आणि लेखापरीक्षक. सचिव बाहेर येत नाहीत, ते प्रणाली आतून चालवतात. 'अ‍ॅडमिन' आणि 'युजर' असे दोन चौकोन काढून मध्ये 'लॉगिन' लिहिलेली आकृती कुठल्याही प्रोजेक्टला चिकटवता येते. म्हणूनच ती तुमच्या प्रोजेक्टबद्दल काहीच सांगत नाही.

पुढच्या पातळीवर वर्तुळ फोडा: दूध नोंदवणे, दर आकारणे, कपाती लावणे, बिल तयार करणे, संघाच्या हिशेबाशी मेळ घालणे. नावात क्रिया हवी. नुसतं 'बिल' लिहिलं की ती प्रक्रिया आहे की साठा (माहिती ठेवायची जागा) हे कळत नाही.

मग तीन गोष्टी तपासा. प्रत्येक प्रक्रियेत काही आत येतं आणि बाहेर जातं का? नुसतं आत येत असेल किंवा नुसतं बाहेर जात असेल तर काहीतरी सुटलंय. दोन साठ्यांमध्ये थेट बाण आहे का? असेल तर मधली प्रक्रिया राहिली. वरच्या आकृतीतले बाहेरचे सगळे बाण खालच्या आकृतीत तेवढेच आणि त्याच नावांनी उतरलेत का?

डेटा डिक्शनरीत प्रत्येक घटकाची एक ओळ: नाव, अर्थ, एकक, किती अंक, किती दशांश, किमान-कमाल, कोण भरतं. 'फॅट: टक्के, एक दशांश' एवढं लिहिताना पायरी २ मधला तोडण्याचा-पूर्ण करण्याचा प्रश्न पुन्हा समोर येईल. तो इथं कायमचा मिटवा.

कपातींसाठी निर्णय तक्ता करा. प्रश्न असा: बिल कमी आणि कपात जास्त असेल तेव्हा आधी काय कापायचं? पशुखाद्य, उचल की सेवा संस्थेचा हप्ता? तीन अटी घ्या: बिल सगळ्या कपातींना पुरतं का, उचल बाकी आहे का, उत्पादकानं कपात थांबवण्याचा अर्ज दिलाय का. तीन हो-नाही अटींचे आठ रकाने होतात. आठही भरा. सचिव सांगताना त्यांतले दोन-तीनच सांगतात. उरलेले रकाने रिकामे दिसले की त्यांनाही प्रश्न पडतो, आणि बऱ्याचदा संचालकांच्या बैठकीत विचारून यावं लागतं. हे उत्तर कोड लिहिताना मध्यरात्री तुम्ही ठरवण्यापेक्षा त्यांनी बैठकीत ठरवलेलं बरं.

## पायरी ७: आराखडा

टेबलं करताना तीन जागा सांभाळा.

पहिली, उत्पादकाचा कोड नंबर ही प्राथमिक किल्ली (प्रायमरी की, नोंद ओळखण्याचा एकमेव क्रमांक) करू नका. एखाद्यानं दूध घालणं बंद केलं की तोच कोड दुसऱ्याला मिळतो. तसं झालं तर नव्या माणसाच्या नावावर जुन्याची उचल दिसू लागते. उत्पादकाला आतला कायमचा क्रमांक द्या आणि कोड कुणाकडं कधीपासून कधीपर्यंत होता, हे वेगळं ठेवा.

दुसरी, दरपत्रकाला 'लागू तारीख' आणि 'लागू सत्र' हवं. जुनं दरपत्रक कधीही पुसायचं नाही.

तिसरी, संकलनाच्या नोंदीत त्या वेळचा दर आणि रक्कम साठवा. नॉर्मलायझेशन (टेबलांतली पुनरुक्ती काढण्याची पद्धत) शिकलेल्याला हे पुनरुक्तीसारखं वाटतं आणि तोंडी परीक्षेत विचारलंही जाईल. उत्तर सरळ आहे: त्या दिवशी त्या दुधाला जो दर दिला आणि पावतीवर छापला, ती घडलेली गोष्ट आहे. पुढं दरपत्रकातली चूक दुरुस्त केली तरी जुनी पावती आपोआप बदलता कामा नये.

मराठी नावं युनिकोडमध्ये ठेवा. संस्थेकडं जुनी यादी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात असेल तर ती तशीच चिकटवून चालत नाही, रूपांतर करून डोळ्यानं तपासावी लागते. बँकेच्या यादीसाठी खात्यावरचं इंग्रजी नाव वेगळ्या रकान्यात लागतं.

स्क्रीन कागदावर काढा आणि फॅट काढणाऱ्याला दाखवा. रकान्यांचा क्रम त्याच्या हाताच्या क्रमानं लावा.

## पायरी ८: कोड

इथवर नीट आला असाल तर हा टप्पा सरळ जातो. रक्कम पैशांत पूर्णांक म्हणून किंवा डेसिमल प्रकारात ठेवा, फ्लोटमध्ये (दशांश आकडे अंदाजानं साठवणाऱ्या प्रकारात) ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही आणि बिलाच्या बेरजेत ते दिसतं. सूत्रातला ठरावीक आकडा, बिलाच्या तारखा, कपातींचा क्रम कोडमध्ये पेरू नका, सेटिंगमध्ये ठेवा. प्रत्येक भागाशेजारी त्याच्या गरजेचा क्रमांक लिहा. पहिल्या दिवसापासून गिट (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन) वापरा.

वॉटरफॉल (सगळं आधी ठरवून एकेक टप्पा पुरा करत जाणं) की अ‍ॅजाइल (थोडं थोडं करून दाखवत, बदलत जाणं)? माझ्या मते इथं दोन्हींची सांगड घालावी. हिशेबाचे नियम कोडच्या आधी पूर्ण ठरलेले हवेत. स्क्रीन मात्र दर आठवड्याला दाखवत, बदलत जावेत. कागदपत्रं केली नाहीत म्हणून रिपोर्टात 'अ‍ॅजाइल पद्धत वापरली' असं लिहू नका.

## पायरी ९: चाचणी

अपेक्षित उत्तर आधी लिहा, मग सॉफ्टवेअर चालवा. उलटा क्रम सर्रास दिसतो: स्क्रीनवर आलेलंच उत्तर 'अपेक्षित' रकान्यात उतरवायचं. तशी चाचणी कधीच नापास होत नाही, त्यामुळे तिनं काही सिद्धही होत नाही. पायरी २ ची हातानं काढलेली तीन बिलं इथं पहिली लावा.

नंतर कडेच्या जागा: १० तारखेचं संध्याकाळचं आणि ११ चं सकाळचं सत्र. ३१ दिवसांचा महिना. २८ आणि २९ फेब्रुवारी. बिलाच्या मध्येच बदललेला दर. एका सत्रात तोच कोड दोनदा. बिलापेक्षा मोठी कपात. दहा दिवसांत एकदाही दूध न घातलेला, पण पशुखाद्याची बाकी असलेला उत्पादक. नोंद होत असताना संगणकाचा प्लग काढणं, हे खरंच करून पाहा.

भाग सुटे तपासून झाले की जोडून तपासा आणि शेवटी कीबोर्ड संस्थेतल्या माणसाच्या हाती द्या. तुम्ही मागं बसा आणि बोलू नका. तो जिथं थांबतो ती जागा लिहून घ्या.

तपासा: प्रत्येक गरजेच्या क्रमांकापुढं किमान एक चाचणी आहे का? नसेल तर ती गरज पूर्ण झाली असं म्हणता येणार नाही.

## पायरी १०: प्रत्यक्ष वापर

महिन्याच्या १ तारखेच्या सकाळपासून सुरू करा, बिलाच्या मध्येच कधीही नको. त्याआधी सुरुवातीच्या बाक्या भरा: प्रत्येकाची उचल, पशुखाद्य, हप्ता. त्या यादीवर सचिवांची सही घ्या. चुकीच्या बाकीवर बरोबर हिशेब केला तरी बिल चुकतंच.

जुनी वही आणि नवं सॉफ्टवेअर किमान एक पूर्ण बिल समांतर चालवा. जमल्यास २१ पासून महिनाअखेरचं बिलही त्यात येऊ द्या. रोज रात्री दोन्हीकडची लिटरची आणि रकमेची बेरीज जुळवा. फरक आला तर त्याच दिवशी शोधा. दहा दिवस साठलेला फरक सापडता सापडत नाही.

सावध: दिवाळीच्या तोंडावर बदल करू नका. फरकाची आकारणी वर्षभराच्या दुधावर होते. त्या वेळी संस्थेला नवं काही शिकायला उसंत नसते.

## पायरी ११: देखभाल आणि सुपूर्द

काम दिलं की संपलं, असं धरणारे इथं चुकतात. दरपत्रक बदलतं, नवी कपात येते, नवा प्रिंटर येतो. फोनवर सांगितलेला बदल लगेच करून देऊ नका. एक वही ठेवा: कुणी मागितला, का, कोणत्या गरजेवर परिणाम, कधी केला, कोणत्या आवृत्तीत दिला. प्रत्येक बदलानंतर ती तीन जुनी बिलं पुन्हा चालवा.

बॅकअप रोज आपोआप घ्या आणि त्याची एक प्रत गावाबाहेर ठेवा. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै या दोन्ही पुरांत पंचगंगाकाठच्या चिखली-आंबेवाडीसारख्या गावांत पाणी घुसलं होतं. संगणकाशेजारच्या कपाटातला पेन ड्राइव्ह अशा वेळी संगणकाबरोबरच जातो. महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून एक जुनं बिल छापून पाहा. न उघडलेल्या बॅकअपवर विसंबू नये.

सुपूर्द करताना संस्थेला सोर्स कोड, डेटाबेसचा पासवर्ड बंद पाकिटात, सही केलेला गरजांचा कागद, डेटा डिक्शनरी आणि दोन पानांचं मराठी माहितीपत्रक द्या. त्या दोन पानांत लाइट गेल्यावर काय करायचं, चुकलेली नोंद कशी रद्द करायची आणि बिल कसं काढायचं, एवढंच असू द्या. पोच म्हणून सचिवांची तारखेसह सही घ्या आणि तिची प्रत रिपोर्टला जोडा.